मुलांना परका देश कसा दाखवावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय चिटणीसबाईंनीच सुचविला. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या बालवाचनालयातर्फे मुलांसाठी एक परदेश-परिचयाचा आठवडा करावयाचे घाटत आहे, आणि पहिला देश म्हणून जपान ठरला आहे. चार मुलींना किमोनो नेसवून, हातात पंखे देऊन नाच बसवावा, भिंतीवर फुजी पर्वताचे चित्र लावावे आणि शेवटी सर्वांना खाऊ द्यावा, अशी एक सूचना आली आहे. खाऊच्या सूचनेला माझा मनापासून पाठिंबा आहे. बाकीच्याविषयी मात्र थोडे बोलावयाचे आहे.

परक्या देशाची माहिती मुलांना देण्याच्या आपल्याकडे दोन रीती पडून गेल्या आहेत. पहिली नवलाची. अमक्या देशात लोक कच्चे मासे खातात, तमक्या देशात काड्यांनी जेवतात, कोठे कागदाची दारे असतात! मुले खदखदा हसतात, टाळ्या पिटतात आणि घरी जातात. जत्रेत आरशांच्या तंबूतून बाहेर पडावे, तसे. दुसरी रीत आदर्शाची. “बघा, जपानची मुले शाळासुद्धा स्वतः झाडतात, नाहीतर तुम्ही! जेवलेले ताट उचलावयाला नको!” ही रीत आपणा आयांच्या फार आवडीची. पण भगिनींनो, ज्या मुलाचे नाव घेऊन आई आपल्याला रोज टोचते, त्या मुलाशी कोणाची कधी मैत्री झाली आहे का? पहिल्या रीतीने परका माणूस विदूषक होतो, दुसरीने तो छडी होतो. दोन्हींत तो माणूस म्हणून काही भेटत नाही.

मग तिसरी रीत कोणती? ती आपणांस चांगलीच ठाऊक आहे. आळीत नवे बिऱ्हाड आले की आपण काय करतो? पहिल्या दिवशी त्यांच्या दारी वाटीभर काहीतरी पाठवितो. ती वाटी रिकामी परत येत नाही. मग त्यांच्याकडे काय शिजते, सण कोणते, पाहुणा आला की काय करतात, घरात कोण आजारी आहे, मुलगा कोणत्या इयत्तेत आहे, हे हळूहळू कळते. मुले तर एवढेही थांबत नाहीत, ती सरळ आत शिरून खेळू लागतात. परक्या देशातही असेच घराच्या दाराने शिरावे. राजवाडे, पर्वत आणि पुतळे यांना मागाहून वेळ आहे.

आणि जपानच्या घरात आपली मुले केव्हाच शिरली आहेत! दूरदर्शनसंचावर ‘डोरेमॉन’ पाहिला नाही असे मूल या आळीत शोधून सापडावयाचे नाही. हा निळा यंत्रमांजर १९७० साली जपानी मुलांच्या मासिकांतून प्रथम अवतरला. त्यातला नोबिता दारात बूट काढतो, बुटक्या टेबलाशी जमिनीवर बसून जेवतो, डोरेमॉन भिंतीतल्या कपाटात झोपतो आणि दोरायाकी दिसली की वेडा होतो. हे सर्व मुलांनी पाहिले आहे, फक्त “हे असे का?” असे त्यांना कोणी विचारलेले नाही. आपला आठवडा तेथूनच सुरू करावा.

तर पहिला प्रश्न: नोबिता बूट का काढतो? जपानी घरात दारातून आत आल्याबरोबर एक खालच्या पातळीची जागा असते. तिला ‘गेन्कान’ म्हणतात. पादत्राणे तेथे काढावयाची आणि त्यांची तोंडे बाहेरच्या दिशेला करून ठेवावयाची, म्हणजे निघताना पाय सरळ आत जातो. मग एक पायरी चढून घरात. आत सपाता चालतात, पण चटईच्या खोलीत त्याही चालत नाहीत. ही चटई म्हणजे ‘तातामी’. आत भाताच्या पेंढ्याची जाड गादी आणि वरून लव्हाळ्यासारख्या गवताचे विणकाम. एक तातामी साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद. खोली किती मोठी हे तेथे चटयांच्या संख्येवर सांगतात, सहा चटयांची खोली, आठ चटयांची खोली. ज्या जमिनीवर बसावयाचे, जेवावयाचे आणि रात्री अंथरूण घालावयाचे, तिच्यावर रस्त्यावरची धूळ कोण येऊ देईल? सकाळी अंथरूण गुंडाळून कपाटात टाकले की तीच खोली बसावयाला मोकळी. म्हणजे डोरेमॉन झोपतो ते आपल्या वळकट्या ठेवावयाचेच कपाट! हे ऐकल्यावर मुलांना जपान नवलाचा वाटणार नाही, आजोळचा वाटेल. मात्र त्यांना हेही सांगावे की, हल्ली तेथील शहरांतल्या पुष्कळ घरांत तातामीची एखादीच खोली उरली आहे, कित्येकांत तीही नाही. नोबिताचे घर पन्नास वर्षांपूर्वीचे आहे.

जेवणाचेही तसेच. जेवावयास बसताना जपानी माणूस ‘इतादाकिमासु’ म्हणतो, म्हणजे ‘मी हे नम्रपणे स्वीकारतो’. आणि उठताना अन्नाबद्दल आभाराचा एक शब्द म्हणतो. आपल्या पंगतीतल्या श्लोकाशी याचे नाते मुलांना चटकन कळेल. काड्या भातात उभ्या खोवून ठेवावयाच्या नाहीत, आणि एकाच्या काडीतला घास दुसऱ्याने काडीनेच घ्यावयाचा नाही, असे तेथे लहानपणापासून शिकवितात. कारण मृताच्या पुढे ठेवलेल्या भातात काड्या अशा उभ्या करतात, आणि दहनानंतर अस्थी उचलताना त्या काड्यांनी एकमेकांकडे देतात. आपल्याकडे दिव्याची वात दक्षिणेकडे करू नये म्हणतात, त्यातला भाव हाच. उलट शेवयांच्या कढणाचा मोठ्याने आवाज करून घोट घेतला तर तेथे कोणी नाक मुरडीत नाही. कढीचा भुरका मारणाऱ्या आपल्या लोकांना याचे स्पष्टीकरण द्यावयास नको. आणि ती दोरायाकी? दोन गोल मऊ धिरड्यांच्या मध्ये लाल कडधान्याचे गोड वाटण. पुरणपोळी करणाऱ्या हातांना ते पुरणच वाटेल.

आता शाळेकडे वळू. आपल्या छडीचा उगम तेथेच आहे. जपानी शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये, चेरीच्या फुलांच्या सुमारास सुरू होते. पहिलीतली मुले पाठीवर चौकोनी, कडक दप्तर घेऊन पायी शाळेला जातात. कित्येक ठिकाणी आळीतली मुले एकत्र जमतात आणि मोठ्या इयत्तेतले मूल पुढे चालते. दुपारचे जेवण शाळेतच. पाळी असलेली मुले पांढरे झगे आणि टोप्या घालून वर्गात अन्न आणतात, वाढतात, आणि शिक्षकही त्याच वर्गात तेच जेवतात. मग ठरलेल्या वेळी सर्व मुले मिळून वर्ग झाडतात, ओल्या फडक्याने फरशी पुसतात.

हे सांगून आपण थांबलो तर छडी झाली. म्हणून पुढचेही सांगावे. शाळेतले जेवण काही आभाळातून पडले नाही. १८८९ साली यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी, एका मंदिराच्या आवारातल्या शाळेत, गरिबांच्या मुलांना भाताचे गोळे आणि मासे देण्यापासून ते सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर मुले उपाशी होती, तेव्हा बाहेरून आलेल्या गव्हावर आणि दुधाच्या भुकटीवर ते चालले. १९५४ साली त्याचा कायदा झाला. इतकी वर्षे पाव चालला, आणि भाताला त्या जेवणात रीतसर स्थान मिळाले ते १९७६ साली! आपल्या देशात १९९५ साली शाळेतल्या मध्यान्ह आहाराची योजना सुरू झाली, तिच्यामागची कळकळ वेगळी नव्हती. तसेच मुले एकटी शाळेला जातात, कारण शाळा पायी जाण्याच्या अंतरावर असते आणि चौकाचौकांत आळीतली वडीलधारी माणसे हातात निशाण घेऊन त्यांना रस्ता ओलांडून देतात. म्हणजे “जपानची मुले बघा” असे म्हणताना खरे तर “जपानचे आजोबा बघा” असे म्हणावयास हवे. आपल्या शाळेसमोरच्या चौकात सकाळी अर्धा तास उभे राहावयाला आपल्यापैकी कितीजणी तयार आहेत?

झाडूचेही असेच. झाडणे हे तेथील वेळापत्रकात आहे, त्याला रोजची पंधरावीस मिनिटे दिलेली आहेत. ते रक्तातून येत नाही, शिकविले जाते. आणि झाडूचा मान शिकावयास आपणांस समुद्रापार जाण्याचे कारण नाही. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली आणि मग रात्री कीर्तन केले. तरीसुद्धा आपल्या घरांत झाडू कोणाच्या हाती असतो? आईच्या, मुलीच्या, नाहीतर कामाला येणाऱ्या बाईच्या. मुलाच्या हाती क्वचितच. आणि गावाची घाण काढण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या काही जातींच्याच माथी मारले गेले, हेही मुलांपासून लपवू नये. परका देश पाहावयाचा तो एवढ्याचसाठी की, त्याच्या आरशात आपले घर दिसावे. पण आरसा मुलाच्या तोंडासमोर धरण्याआधी आपण त्यात एकदा पाहून घ्यावे.

आता एक गंमत सांगते, ती मुलांना फार आवडेल. जपानी मुले तीन प्रकारच्या लिप्या शिकतात. ‘हिरागाना’ आणि ‘काताकाना’ या उच्चारांच्या, आणि ‘कांजी’ ही चीनमधून आलेल्या चित्रासारख्या अक्षरांची. प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत मुलांना १०२६ कांजी शिकाव्या लागतात. बाराखडी पाठ करताना कुरकुरणाऱ्यांना हा आकडा जरूर सांगावा. छडी म्हणून नव्हे, दिलासा म्हणून! पण खरी गंमत हिरागानाच्या क्रमात आहे. तो क्रम असा: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपली वर्णमाला शेजारी ठेवा: अ, क, च, त, न, प, म, य, र, व. पाहा बरे कसे जुळते! जपानी ‘हा’च्या जागी फार पूर्वी ‘पा’ होता, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत अक्षरविद्या चीनमार्गे जपानात गेली, तेथील भिक्षूंनी ती अभ्यासली, आणि त्यांच्या वर्णमालेला हा क्रम लाभला. ज्या क्रमाने आपण पाटीवर गिरविले, त्याच क्रमाने तोक्योतले मूल गिरविते. त्याच वाटेने आपल्या देवताही तेथे पोचल्या. वीणेऐवजी ‘बिवा’ नावाचे वाद्य हाती घेतलेली ‘बेन्झायतेन’ म्हणजे आपली सरस्वतीच. मात्र “सगळे आपलेच, आपणच त्यांना दिले” असा गर्व मुलांच्या मनात रुजू देऊ नये. बी येथले असले तरी झाड तेथल्या मातीत वाढले, आणि त्याला फुलेही तेथलीच आली.

सणांबद्दल तर आपणा बायकांना काय सांगावे! ३ मार्च हा जपानात मुलींचा सण, ‘हिनामात्सुरी’. लाल कापड घातलेल्या पायऱ्या मांडतात. सगळ्यांत वर राजा-राणीच्या बाहुल्या, खालच्या पायरीवर तीन दासी, मग पाच गाणारे-वाजविणारे, मग मंत्री, सेवक, आणि सर्वांत खाली छोटी छोटी भांडीकुंडी, पालखी. पूर्ण मांडणी सात पायऱ्यांची आणि पंधरा बाहुल्यांची. शेजारी पीचची फुले. मुलीच्या मैत्रिणींना बोलावून गोडधोड द्यावयाचे. आपल्या चैत्रगौरीची आरास डोळ्यांपुढे आली की नाही? सण संपल्यावर बाहुल्या लगेच आवरून ठेवाव्यात, नाहीतर मुलीचे लग्न लांबते, असाही तेथे समज आहे. म्हणजे मुलीच्या लग्नाची काळजी जगात सगळीकडे सारखीच! या सणाच्या मुळाशी आणखी जुनी चाल आहे. कागदाची बाहुली नदीत सोडावयाची आणि आपली इडापिडा तिच्याबरोबर वाहून जावी म्हणावयाचे. ५ मे हा पूर्वी मुलग्यांचा दिवस होता. १९४८ च्या कायद्याने तो सर्व मुलांचा दिवस झाला. त्या दिवशी बांबूला कापडी मासे बांधून वाऱ्यावर सोडतात, कारण ‘कोइ’ नावाचा मासा प्रवाहाच्या उलट पोहत वर चढतो, तसे मूल धीराचे व्हावे.

या सभेत एका नावाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. तोक्योत नारुसे जिन्झो या गृहस्थांनी १९०१ साली स्त्रियांसाठी एक विद्यापीठ काढले. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली. ती त्यांनी वाचली आणि मनात घेतली. १९१५ च्या अखेरीस मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ती कल्पना लोकांपुढे मांडली, आणि १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ उभे राहिले. प्रारंभी विद्यार्थिनी किती? पाच! आज त्या विद्यापीठाला नाथीबाई ठाकरसी यांचे नाव आहे, आणि येथे बसलेल्या काहीजणींच्या घरी त्याची पदवी भिंतीवर असेल. एक पातळशी पुस्तिका, दूरच्या देशातली, आणि तिच्यामुळे आपल्या घरांतल्या किती मुलींचे आयुष्य पालटले! परक्या देशाची ओळख म्हणजे रिकामपणची करमणूक, असे कोणी म्हणाले तर त्याला हे उदाहरण द्यावे. आणि कर्व्यांची रीतही पाहावी. ते जपानला भुलले नाहीत, त्याला हसलेही नाहीत. तेथे एक चांगली गोष्ट आहे, ती आपल्याकडे कशी होईल, एवढेच त्यांनी पाहिले.

भगिनींनो, आता मी जरा कठीण भागाकडे येते. दुःखाच्या आणि दोषांच्या गोष्टी मुलांना सांगाव्यात की नाही? माझे मत असे की, वयाचा विचार करून सांगाव्यात. ज्याच्या घरची फक्त आरास पाहिली, तो ओळखीचा. ज्याच्या घरचे दुःख कळले, तोच आपला.

हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला, तेव्हा सादाको सासाकी ही मुलगी दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला. कागदाचे हजार क्रौंच पक्षी केले तर मनातली इच्छा पुरी होते, असा तेथे समज आहे. इस्पितळात पडल्या पडल्या ती कागदाचे पक्षी घडीत राहिली. १९५५ च्या ऑक्टोबरात, बाराव्या वर्षी ती गेली. तिच्या शाळासोबत्यांनी पुढाकार घेऊन देशभरातून पैसे जमविले आणि १९५८ साली हिरोशिमात मुलांच्या शांततेचे स्मारक उभे राहिले. आजही देशोदेशींची मुले तेथे कागदी पक्ष्यांच्या माळा पाठवितात. पण ही गोष्ट सांगणाऱ्याने दुसरीही सांगितली पाहिजे. त्याच जपानच्या सैन्याने चीन, कोरिया आणि इतर देशांतल्या लोकांवर अनन्वित जुलूम केले. आपल्या अंदमानातल्या माणसांनीही १९४२ ते १९४५ पर्यंत ते सोसले. एकच देश जुलूमही करतो आणि जुलूम सोसतोही, आणि दोन्ही वेळा मुले मात्र निरपराध असतात. हे मोठ्या मुलांना नीट समजावले तर समजते.

धाकट्यांसाठी हत्तीची गोष्ट आहे. तोक्योतल्या उएनो येथील प्राणिसंग्रहालयात तीन हत्ती होते. १९४३ साली, बॉम्ब पडून पिंजरे फुटले तर जनावरे शहरात शिरतील या भीतीने, त्यांना मारून टाकण्याचा हुकूम सुटला. हत्तींना अन्नपाणी तोडून मारण्यात आले. युद्ध संपले, पण संग्रहालयात हत्ती नाही. मग तोक्योच्या मुलांनी पंडित नेहरूंना शेकडो पत्रे लिहिली, की आम्हाला एक हत्ती पाठवा. नेहरूंनी १९४९ साली एक हत्तीण पाठविली, आणि तिला आपल्या मुलीचे नाव दिले, इंदिरा. ती जपानभर हिंडली, लाखो मुलांनी तिला पाहिले, आणि १९८३ पर्यंत ती त्याच संग्रहालयात राहिली. आपला देश तेव्हा नुकता स्वतंत्र झालेला, फाळणीच्या जखमा ओल्या. तरी एका हरलेल्या देशातल्या मुलांच्या पत्रांना उत्तर द्यावे असे आपल्या पंतप्रधानांना वाटले. वाटी अशी पाठवावयाची असते!

आजच्या जपानचीही एक बाजू सांगावयास हवी. ज्या शाळांचे आपण गोडवे गातो, त्याच शाळांत जावयास नको वाटणारी मुले पुष्कळ आहेत. २०२३-२४ या शालेय वर्षात प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांतल्या ३,४६,४८२ मुलांनी, आजार वा गरिबी हे कारण नसताना, तीस किंवा अधिक दिवस शाळा टाळल्याची नोंद तेथील सरकारने केली आहे. सर्वांसारखेच वागावयाचे, वेगळे दिसावयाचे नाही, याचा ताण काही कोवळ्या मनांना सोसत नाही. शिस्तीची किंमत कोणीतरी भरीत असते.

आणि म्हणूनच माझा आग्रह आहे की आठवड्यात एक पुस्तक मोठ्याने वाचले जावे. ते म्हणजे ‘तोत्तोचान’. तेत्सुको कुरोयानागी यांनी ते आपल्या बालपणावर लिहिले, १९८१ साली जपानात प्रसिद्ध झाले. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी त्याचा मराठी अनुवाद केला आहे आणि तो नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. शिस्तीच्या या देशात एका लहान मुलीला पहिलीतच शाळेतून काढून टाकतात, कारण ती वर्गात स्वस्थ बसत नाही! मग आई तिला न रागावता, न सांगता, दुसऱ्या शाळेत नेते. तेथील वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरतात आणि कोबायाशी नावाचे मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी तिचे बोलणे कितीतरी तास ऐकून घेतात. १९४५ च्या हवाई हल्ल्यात ती शाळा जळाली. पुस्तक वाचणाऱ्या मुलाच्या मनात मग “जपानी लोक असे असतात” हे वाक्य टिकतच नाही. तेथे काढून टाकणारी शाळा होती, तशी जवळ घेणारीही होती. आपल्याकडे दोन्ही नाहीत काय?

आता कामाचे बोलते. आठवड्यासाठी माझ्या सूचना अशा आहेत. किमोनोचा नाच हवा तर ठेवा, पण शेवटी. पहिल्या दिवशी दारात पायरी करून मुलांना गेन्कानसारखी पादत्राणे मांडावयास लावा आणि घराविषयी बोला. दुसऱ्या दिवशी भाताचे गोळे करावे, त्यांना ‘ओनिगिरी’ म्हणतात. आपला चिकट होणारा आंबेमोहोर किंवा इंद्रायणी त्याला चांगला चालेल, आत लोणच्याची फोड घालावी. वाढावयाचे काम मुलग्यांकडे द्यावे, आणि नंतर झाडावयाचेही. तिसऱ्या दिवशी वर्णमाला, चौथ्या दिवशी बाहुल्यांची आरास. ज्या घरी जुनी ठकी किंवा लाकडी बाहुल्या असतील त्यांनी त्या आणाव्यात. पाचव्या दिवशी कागदाचे पक्षी आणि सादाकोची गोष्ट. ‘तोत्तोचान’ रोज थोडे थोडे. आणि आठवडाभर एकच नियम: “जपानी लोक असे असतात” असे कोणी म्हणावयाचे नाही. “या घरात असे करतात” एवढेच म्हणावयाचे आणि “का?” असे विचारावयाचे. आमच्या पिढीतल्या मोठ्यांनाही हा नियम लागू.

शेवटच्या दिवशी मुलांकडून एक काम करून घ्यावे. जपानातल्या एखाद्या आपल्या वयाच्या मुलाला आपले घर कसे समजावून सांगाल, ते प्रत्येकाने एका पानावर लिहावे. मला वाटते, खरी परीक्षा येथेच होईल. उंबऱ्याला पाय का लावीत नाहीत? रांगोळी का काढतात? पाहुण्याला आधी पाणी का देतात? आपली मुले आपल्याकडे हे विचारावयास येतील, तेव्हा आपणांसही उत्तरे शोधावी लागतील. काही ठिकाणी उत्तर सापडणार नाही, काही ठिकाणी सापडलेले उत्तर आवडणार नाही. तेही बरेच. दुसऱ्याचे घर समजून घ्यावयास निघालेल्याला आपले घर नव्याने दिसते, हा या खटाटोपाचा मोठा लाभ आहे.

साने गुरुजींनी ‘आंतरभारती’चे स्वप्न पाहिले, ते आपल्याच देशातल्या प्रांतांनी एकमेकांना ओळखावे म्हणून. आज आपल्या आळीतल्या कितीतरी घरांतली मुले-नातवंडे देशाबाहेर आहेत, आणि दूरदूरच्या प्रांतांतली बिऱ्हाडे आपल्या शेजारी आली आहेत. परक्या माणसाला न हसता, न भुलता जवळ करावयाची सवय मुलांना जपानच्या निमित्ताने लागली, तर तिचा पहिला उपयोग शेजारच्या दारीच होईल. तेवढे झाले, तरी आपल्या मंडळाने एक चांगले काम केले असे मी म्हणेन.